डोंगरगावचा इसिसॉरस शाळेच्या भिंतीवर काढताना

इसिसॉरस या डायनासोरचं डोकं सापडलेलं नाही, मागचे पाय नाहीत, पावलं नाहीत, आणि तरी मला त्याचं अख्खं चित्र काढायचं होतं, तेही झेडपीच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर, अर्ध्या साइजमध्ये. काम झाल्यापासून बरेच जण विचारतात की गूगलवरचं एखादं चित्र बघून का नाही काढलं, एवढा वेळ कशाला घातला. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही म्हणून सगळी प्रोसेस लिहून काढतोय, लांबण लागणार आहे.

मी नागपूरला भिंती रंगवायचं काम करतो, दुकानांचे बोर्ड, मंगल कार्यालयं, आणि शाळांच्या बोलक्या भिंती. पाढे, नकाशे, फुलपाखराचं जीवनचक्र हे सगळं हातात बसलेलं आहे. वरोरा तालुक्यातल्या एका शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला की मागची मोठी भिंत रिकामी आहे, पोरं डायनासोर पाहिजे म्हणतात, टी-रेक्स काढून द्या. मी म्हटलं सर, टी-रेक्स अमेरिकेतला, तुमच्याच तालुक्यात डोंगरगावला खरा डायनासोर निघालेला आहे, तो काढू की. सर म्हणाले, "आपल्या डोंगरगावले? मी इकडेच नोकरी करून राहिलो इतके वर्षं, मले कोणी सांगितलं नाही." तिथेच ठरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोंगरगावच्या टेकडीत १९८४ ते १९८६ च्या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी खोदकाम केलं आणि एका लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरची हाडं बाहेर काढली. मानेचे, पाठीचे, कंबरेचे, शेपटीचे मणके, बरगड्या, कंबरेची हाडं, खांद्याचं पातं, आणि डावा पुढचा पाय. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन छापलं आणि एडविन कोल्बर्ट या अमेरिकन जीवाश्म अभ्यासकाच्या सन्मानार्थ त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं. पुढे २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या दोघांनी दाखवून दिलं की टायटॅनोसॉरस हे नाव ज्या शेपटीच्या मणक्यांवर उभं होतं (ते जबलपूरचे, १८७७ सालचं नाव) त्या मणक्यांची खासियत टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरांच्या गटातल्या कितीतरी प्राण्यांमध्ये दिसते, त्यामुळे ते नाव कुठल्या एका प्राण्याचं म्हणून धरता येत नाही. मग आपल्याला स्वतंत्र नाव मिळालं, इसिसॉरस, त्या इन्स्टिट्यूटच्या आयएसआय या लघुनावावरून. स्टॅटिस्टिक्सच्या संस्थेत डायनासोर कसे हे मलाही कोडं होतं, तर संस्थेचे संस्थापक महालनोबिसांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे जीवाश्मांचा अभ्यास सुरू करवला, त्यासाठी लंडनहून जीवाश्म अभ्यासक पॅमेला रॉबिन्सन आल्या, आणि तिथून ही सगळी परंपरा चालू झाली. आपल्या गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातला बारापासॉरस हा लांब मानेचा डायनासोर पण त्यांनीच काढलेला.

भारतातल्या या गटातल्या बाकीच्या डायनासोरांचं बघितलं तर बहुतेक ठिकाणी इथे एक मणका तिथे एक मांडीचं हाड अशी अवस्था आहे, त्या मानाने एकाच प्राण्याची इतकी हाडं एका जागी मिळणं ही फार मोठी गोष्ट. तरीही अर्धाच सांगाडा. आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

सगळ्यात आधी तो १९९७ चा पेपर मिळवला, प्रिंट काढली आणि त्यातल्या हाडांच्या चित्रांच्या मोठ्या झेरॉक्स मारून आणल्या. प्रत्येक चित्राशेजारी स्केलची छोटी पट्टी असते, ती मोजून प्रत्येक हाड एकाच प्रमाणात आणायचं, नाहीतर मणका मोठा आणि पाय लहान असलं काहीतरी होऊन बसतं. मग ते पुठ्ठ्यावर चिकटवून कापले आणि घरच्या हॉलमध्ये फरशीवर मांडायला घेतले. आमच्या घरच्यांनी हे सगळं कौतुकाने सहन केलं हे मुद्दाम लिहितो, जेवायला बसायला जागा नव्हती काही दिवस.

पुठ्ठे मांडल्यावर दोन गोष्टी लगेच डोळ्यात भरल्या. एक म्हणजे मान. लांब मानेचा डायनासोर म्हटलं की डोळ्यासमोर येते ती सडपातळ, पार पुढे गेलेली मान, आणि इथे मणके आखूड, उंच, जाडजूड. म्हणजे मान त्या मानाने आखूड आणि दणकट, वरच्या दिशेला उचललेली. दुसरं म्हणजे पुढच्या पायाचं दंडाचं हाड, ते १४८ सेंटीमीटर आहे! एकटं हाड. धडाच्या मानाने ते इतकं लांब पडतं की पुढचा भाग आपोआप वर जातो आणि पाठ मागे उतरती होते. गूगलवरची बरीच चित्रं इथेच बाजूला पडली, कारण त्यात नेहमीचा सपाट पाठीचा, लांबलचक मानेचा कुठलाही सॉरोपॉड (लांब मानेच्या डायनासोरांचं सामाईक नाव) काढून खाली इसिसॉरस लिहिलेलं असतं. डोंगरगावच्या टेकडीतून निघालेला प्राणी तसा नव्हता. मला तोच काढायचा होता, दुसरा नाही.

आता जे नाही त्याचं काय करायचं.

मागच्या पायांसाठी जवळच्या नातेवाइकांकडे जावं लागतं. मंगोलियात ओपिस्थोसीलिकॉडिया नावाचा टायटॅनोसॉर सापडलाय, १९७७ मध्ये वर्णन झालेला, त्याचं बरोबर उलटं आहे, मान आणि डोकं गायब आणि चारही पायांची हाडं छान मिळालेली. त्याचं दंडाचं हाड साधारण १ मीटर आणि मांडीचं जवळपास १.४ मीटर. हेच प्रमाण आपल्याला सरळ लावलं तर इसिसॉरसची मांडी २ मीटरच्या वर जाते, आणि ती मांडी त्याच्या कंबरेच्या हाडाखाली ठेवून पाहिली तर अजिबात बसत नाही, धड लहान आणि मागचा पाय राक्षसी. म्हणजे याचे पुढचेच पाय नातेवाइकांपेक्षा लांब होते, हे मानणं जास्त बरोबर. मी कंबरेच्या हाडातली खोबण आणि धडाची लांबी धरून मांडी १.६५ मीटरच्या आसपास घेतली. हा माझा अंदाज आहे, कुठल्या पेपरमधला आकडा नाही, आणि भिंतीवर तसं स्पष्ट लिहिलंय.

डोक्यासाठी मादागास्करला गेलो, म्हणजे कागदावर. भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते ते साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यामुळे आपल्या शेवटच्या डायनासोरांची भावकी तिकडे निघते. तिथे रापेटोसॉरस नावाचा टायटॅनोसॉर २००१ मध्ये जाहीर झाला आणि त्याची कवटी मिळालेली आहे, या गटात कवटी मिळणं म्हणजे लॉटरीच कारण ती नाजूक असते, मेल्यावर आधी तीच सुटून जाते. लांबट तोंड, नाकपुड्यांची भोकं पार वर डोळ्यांच्या जवळ, आणि पुढे पेन्सिलीसारखे बारीक दात. इसिसॉरसचं डोकं मी तसंच घेतलं, फक्त त्या जाड मानेला शोभेल असं थोडं रुंद.

पावलांच्या बाबतीत मात्र मनासारखं झालं कारण तिथे गटाचा नियमच पक्का आहे. टायटॅनोसॉरांच्या पुढच्या पायाला बोटंच जवळजवळ उरलेली नव्हती, तळहाताची हाडं उभी खांबासारखी गोल लावलेली आणि त्यांच्यावर सगळं वजन, नखं दिसत नाहीत. मागच्या पायाला मात्र नखं. बाजारातल्या प्लास्टिकच्या खेळण्यात आणि कितीतरी पुस्तकांत चारही पायांना हत्तीसारखी नखं काढलेली असतात. मी हेडमास्तरांना हे समजावलं तेव्हा त्यांनी सातवीच्या पोरांना वर्गात दोन्ही हात टेबलावर उभे टेकवून दाखवायला लावलं की बोटं नसतील तर तळवा कसा राहील, पोरांना ते एका मिनिटात कळलं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते खांद्याच्या पात्याने. कंबरेचं हाड पाठीच्या कण्याला घट्ट जोडलेलं असतं, त्याची जागा ठरलेली. पण खांद्याचं पातं कण्याला हाडाने जोडलेलं नसतं, ते फक्त स्नायूंनी धरलेलं असतं, आणि स्नायू तर ६-७ कोटी वर्षांपूर्वीच गेले. ते पातं थोडं खाली सरकवलं किंवा जास्त उभं केलं की पुढची पूर्ण उंची बदलते. मी पुठ्ठा वर खाली करत बसलो, शेवटी कोलकात्याला जायचं ठरवलं. आधी पत्र पाठवून परवानगी घेतली आणि बारानगरच्या त्या इन्स्टिट्यूटच्या म्युझियममध्ये उभा केलेला बारापासॉरस बघून आलो. तो प्राणी इसिसॉरसपेक्षा कितीतरी जुना, ज्युरासिक काळातला, आणि तो सांगाडाही एका प्राण्याचा नाही, किमान सहा प्राण्यांच्या मिळून साधारण ३०० हाडांचा तो साठा, त्यातही कवटी नाहीच, नुसते दात. पण मांडीचं १.७ मीटरचं हाड डोळ्यासमोर उभं असणं आणि कागदावर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी खाली बसून बघितलं, मागून बघितलं, बरगड्यांच्या पिंजऱ्याची खोली बघितली. पातं त्या पिंजऱ्यावर कसं टेकतं, किती तिरकं राहू शकतं, कुठे अडतं, हे तिथे समजलं. आल्यावर मी पातं बरंच उभं घेतलं आणि मग ते पुन्हा बदलायची वेळ आली नाही.

परत येताना डोंगरगाव आणि शेजारच्या पिसदुऱ्याला पण गेलो. आपल्याकडच्या कुणालाही ही शेतं साधीच वाटतील, कापूस, सोयाबीन, मधेच लालसर मातीचे पट्टे. पण पिसदुऱ्याचं नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. नागपूरचे हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते, त्यांनी एकोणिसाव्या शतकातच इथून हाडं गोळा केली होती. आणि इथल्या मातीत डायनासोरांची शेणं मिळतात, दगड झालेली, ज्यांना कोप्रोलाइट म्हणतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेणांमध्ये गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले, आणि त्याने मोठी खळबळ झाली कारण तोपर्यंत गवत डायनासोरांच्या नंतर आलं असंच धरून चालले होते. २०११ मध्ये तर धानाच्या कुळातल्या गवताचे कण पण इथल्याच थरांतून जाहीर झाले. आपल्या पूर्व विदर्भात, जिथे आज धान पिकतं, तिथेच. शेतातल्या एका काकांना हे सांगितलं तर ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या आधी त्यानंच खाल्लं म्हणा." तिथून मी काहीही उचललं नाही, फक्त मातीचे रंग मोबाइलवर घेतले, कुणी जाणार असाल तर तुम्हीही उचलू नका, हाड जागेवरून हललं की त्याची अर्धी माहिती जाते.

या शेणांमुळे चित्राची पार्श्वभूमी ठरली. ही शेणं टायटॅनोसॉरांची असावीत असं मानतात, त्यात झाडांच्या पानांवर पडणाऱ्या बुरशीचेही अवशेष मिळालेत, म्हणजे बुरशी पडलेली पानं पोटात गेली. गवत होतं पण थोडं, मुख्य खाणं झाडपाला. म्हणून मी खाली हिरवीगार लॉन काढली नाही, गवताळ माळरानं खूप नंतरची. शिंदीसारखी ताडकुळातली झाडं, सूचिपर्णी झाडं, आणि त्यांच्या बुडाशी इथे तिथे गवताचे ठोंब. पाण्यात कासव आणि लांब तोंडाचा 'गार' नावाचा मासा, काठावर एक मोठा साप, कारण पिसदुऱ्याच्या नावाचा सापच आहे, मॅडसोइया पिसदुरेन्सिस.

सरांना ज्वालामुखी पाहिजे होता, मागे धूर काढणारा उंच टोकदार डोंगर. मी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. आपल्या दख्खनचा लाव्हा बहुतेक लांबच लांब भेगांमधून पसरत आला, एकावर एक थर, सह्याद्रीत जे पायऱ्यांसारखे थर दिसतात ते तेच. टोकदार डोंगर हा जपानच्या फोटोतला ज्वालामुखी. म्हणून क्षितिजावर एक सपाट काळी कड आणि तिच्या मागे लालसर धूसर आभाळ, एवढंच.

कातडीचं पण कुठेतरी पुराव्याला धरून पाहिजे होतं. इसिसॉरसची कातडी मिळालेली नाही. पण अर्जेंटिनात आउका माहुएव्हो इथे टायटॅनोसॉरांची अंडी निघाली, त्यात पिल्लांच्या कातडीचे ठसे होते, बारीक गोल खवले, एकावर एक न चढलेले. तेच घेतलं. रंग मात्र पूर्ण कल्पनेतला, मी डोंगरगावच्या मातीतला तांबूस तपकिरी घेतला, पोटाकडे फिकट.

मग प्रत्यक्ष भिंत. लांबीचा १८ मीटर हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिलेला आहे, त्याच्या अर्ध्यात म्हणजे ९ मीटर, भिंत ३२ फुटाची, जेमतेम बसलं. जुना चुना खरवडला, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमरचे दोन हात. मग सुताने आडव्या उभ्या लाइनी मारून फुटाफुटाचे चौकोन पाडले, ओळंबा लावून कंबर आणि खांद्याची रेघ पक्की केली, आणि कागदावरच्या चौकोनातून भिंतीवरच्या चौकोनात उतरवत गेलो. प्रोजेक्टर लावता आला असता पण उन्हात दिसत नाही आणि रात्री लाइटचा भरवसा नाही. परांचीवर उभं राहून मान काढताना खाली पोरांची गर्दी, मधल्या सुट्टीत सगळे तिथेच. एक चौथीतली मुलगी पाठीचा उतार बघून म्हणाली, "सर, हा तर तरसावाणी दिसते!" आणि खरंच, पुढे उंच, मागे उतरता, तसंच. चंद्रपूरच्या पोरांना तरस माहीत असतो. एवढी बरोबर उपमा मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती.

या चित्रात मला सगळ्यात जास्त आग्रह एकाच गोष्टीचा होता आणि त्यावरून सरांशी बराच वादही झाला. शरीर रंगवून झाल्यावर मी त्याच्यावर सांगाडा काढला, आणि जी हाडं खरंच सापडली ती पांढऱ्या रंगात भरली, जी नाहीत त्यांची नुसती तुटक रेघ. सर म्हणत होते की तुटक रेघा अर्धवट काम वाटतं, पाहुणे येतात, अधिकारी येतात, सगळं पांढरं करून टाका. मी म्हटलं सर, मग पोरांना वाटेल डोकं पण सापडलंय. ते उद्या शोधायला कशाला जातील? खरं हाड आणि आपला अंदाज दोन्ही एकाच रंगात रंगवले की बघणाऱ्याला फरक कळायचा काही मार्गच उरत नाही, आणि शाळेच्या भिंतीवर तर हे अजिबात चालणार नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मान्य केलं, आणि आता तेच पाहुण्यांना आधी तुटक रेघा दाखवतात.

कोपऱ्यात एक वेगळी पट्टी केली आहे, तिथे दंडाचं हाड पूर्ण आकारात, १४८ सेंटीमीटर, उभं, शेजारी उंची मोजायच्या खुणा. पोरं त्याला पाठ लावून उभी राहतात. पाचवीतली बरीच जण हाडापेक्षा बुटकी निघतात, आठवीतला एक उंच पोरगा वर गेला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रंगाबद्दल कुणी विचारेल म्हणून, बाहेरच्या भिंतीला अॅक्रेलिक एक्सटीरियरच वापरा, डिस्टेंपर पहिल्या पावसात उतरतं. पांढऱ्या हाडांवर शेवटी वॉर्निशचा हात दिला आहे, ती बदलायची वेळ येणार नाही. डोकं, मागचे पाय आणि शेपटीचं टोक यांना वॉर्निश नाही मारलं. तिथलं हाड उद्या कुणाला मिळालं तर तेवढा भाग खरवडून नव्याने काढायचा, त्यासाठी रंगांचे शेड नंबर आणि चौकोनांचा मूळ कागद शाळेच्या कपाटात लॅमिनेट करून ठेवलेत. पुढच्या उन्हाळ्यात बाजूची छोटी भिंत आहे, तिथे पिसदुऱ्याचा साप मोठा करून काढायचा आहे, आणि त्याचे तर मोजकेच मणके मिळालेत, म्हणजे तुटक रेघा आणखी जास्त.